स्त्री-अभ्यासाचे प्रकल्प आणि आपली घरे

आपल्या मंडळाच्या सभासदांची अनेक मुले-मुली आज महाविद्यालयात शिकत आहेत. कला शाखेत किंवा समाजकार्याच्या अभ्यासक्रमात त्यांपैकी काहींना स्त्री-अभ्यासाचा प्राथमिक पेपर असतो आणि त्याच्या शेवटी एक लहानसा प्रकल्प लिहून द्यावा लागतो. परीक्षा तोंडावर आली की ही मुले मंडळाच्या वाचनालयात येतात आणि विचारतात, "हुंडाबळीवर काही आहे का?" किंवा "स्त्रीभ्रूणहत्येवर काही मिळेल का?" दोन पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून वीस पाने उतरून घेतली जातात, वर प्लास्टिकचे कव्हर लागते, गुणही बऱ्यापैकी मिळतात. मुलीच्या हाती मात्र त्यातून काहीच राहत नाही. विषय वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच छापलेले आहे तो प्रश्न घेऊन प्रकल्प करण्यात काय अर्थ?

यासाठी वाचनालयाचे काम पाहणाऱ्या आम्ही काही जणांनी ठरवले की, या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या विद्यार्थ्यांसमोर काही वेगळे विषय ठेवावेत. विशेषतः जे विषय आपल्याच घरात, आपल्याच विहारात पडून आहेत आणि जे दुसरे कोणी येऊन लिहिणार नाही, असे.

प्रथम या विषयाबद्दल थोडेसे. स्त्री-अभ्यास म्हणजे केवळ 'स्त्रियांच्या समस्या' नव्हेत. भारतातील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९७१ साली केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचा 'समानतेच्या दिशेने' या आशयाच्या नावाचा अहवाल १९७४ साली आला आणि स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची प्रगतीच होत आहे हा समज त्याने मोडला. त्याच वर्षी मुंबईच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले, १९८१ साली याच विद्यापीठात या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि पुढे १९८७ साली पुणे विद्यापीठातही केंद्र निघाले. या सर्व खटाटोपामागे एक साधा प्रश्न होता. आजवर जे ज्ञान म्हणून शिकवले गेले, ते कोणी लिहिले आणि त्यात कोणाची नोंद राहून गेली?

हा प्रश्न आपल्याला नवीन नाही. १८५५ साली मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतील मांग समाजाच्या मुलीने 'ज्ञानोदया'त निबंध लिहून महार-मांगांच्या दुःखाविषयी हाच प्रश्न विचारला होता. पण स्त्री-अभ्यासातही आपल्या स्त्रियांची नोंद बराच काळ राहूनच गेली होती. ती भरून काढण्याचे मोठे काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी केले. त्यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून त्यांनी हे पुस्तक उभे केले. सर्वांना परिचित असलेल्या पुढाऱ्यांच्या मागे किती स्त्रिया उभ्या होत्या, हे त्या मुलाखतींतून कळले. आमच्या मते प्रकल्प करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने सर्वप्रथम हे पुस्तक वाचावे, उतरून घेण्यासाठी नव्हे, तर काम कसे करतात ते पाहण्यासाठी.

आता पहिला विषय, आणि आमच्या दृष्टीने सर्वात निकडीचा. तो म्हणजे आपली आजी.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गाच्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क असावा, बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी व्हावी, कष्टकरी स्त्रियांना रजा मिळावी, असे ठराव त्यांनी केले. हिंदू कोड बिल पुढे कितीतरी वर्षांनी चर्चेला आले हे लक्षात घेतले म्हणजे या ठरावांची किंमत कळते. त्या परिषदेत बसलेली पंधरा वर्षांची मुलगी आज असती तर शंभरीला टेकली असती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आईचे बोट धरून गेलेली दहा वर्षांची मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. म्हणजे हा प्रकल्प करायला आपल्या हाती फार वर्षे उरलेली नाहीत. मंडळाच्या शोकसभेत आपण अशा माउलींना श्रद्धांजली वाहतो तेव्हा 'त्या अत्यंत प्रेमळ व कष्टाळू होत्या' यापलीकडे आपल्याला काही सांगता येत नाही, कारण कोणी विचारलेलेच नसते.

विचारायचे कसे, हे मात्र शिकावे लागते. "आजी, तुला स्वातंत्र्य होते का?" असे विचारले तर ती म्हणेल, "होतं की बाई," आणि विषय संपेल. त्याऐवजी विचारावे, पहिली मजुरी किती मिळाली आणि ती कोणाच्या हातात दिलीस? दीक्षेनंतर घरातले देव कोणी काढले, कुठे नेऊन टाकले, आणि ते करताना सासूला काय वाटले? मूल आजारी पडले तेव्हा पुन्हा नवस बोलावासा वाटला का? शाळा किती इयत्तेला सुटली आणि भावाची का सुटली नाही? मुंबईच्या कुटुंबांत विचारावे, १९८२ च्या गिरणी संपात घर कशावर चालले? या एका प्रश्नावर खानावळीचे डबे, धुणीभांडी, मसाला कुटणे, भाजीची पाटी, असे किती उद्योग निघतात ते पाहावे. संपाच्या इतिहासात त्यांना क्वचितच जागा मिळाली आहे.

मुलाखत शक्यतो घरातील पुरुषमंडळी बाहेर गेलेली असताना घ्यावी. हे आम्ही कोणाला दुखावण्यासाठी लिहीत नाही. पण आजी बोलू लागली की आजोबा किंवा काका मध्येच "तसं नाही, असं झालं होतं" म्हणून दुरुस्त्या सुचवतात आणि ती गप्प होते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. एका बैठकीत सर्व विचारू नये. भाजी निवडता निवडता, गोधडी शिवता शिवता बोलणे चांगले होते. ती जे बोलेल ते तिच्याच भाषेत उतरावे. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, कोकणातली असेल तर तिकडची. ते 'शुद्ध' करून लिहिणारे विद्यार्थी हमखास चांगले तेवढे गमावतात. शांताबाई कांबळे यांनी आपल्या आत्मकथेला 'माज्या जल्माची चित्तरकथा' हेच नाव ठेवले, यातच सर्व आले. आणि ती ज्याविषयी म्हणेल की, "हे लिहू नकोस," ते लिहू नये, मग ते कितीही महत्त्वाचे असो. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवावे. तिला वाचता येत असेल तर वही तिच्या हातात द्यावी.

आजीला ओव्या येत असतील तर त्याही घ्याव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पुढाऱ्यांची भाषणे छापली गेली, पण पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने चळवळ आपल्या शब्दांत कशी मांडली, ते केवळ तिच्या तोंडीच आहे.

दुसरा विषय थोडा अडचणीचा आहे. एका घरातील एका दिवसाची वेळ-नोंद. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणावर पडेपर्यंत आई, वडील, भाऊ, बहीण यांनी काय काय केले, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहायचे. पाणी भरणे, डबे, कपडे, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, मुलांचा अभ्यास, सर्व. सरकारनेही २०१९ साली देशभर अशी पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. त्यातही मेख अशी की, अशा कामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते. हे आकडे देशाचे झाले. आपल्या वसाहतीचे काय? ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बावीस प्रतिज्ञा चौकट करून लावल्या आहेत, त्या घरात आकडे वेगळे निघतात का? आम्हाला उत्तर ठाऊक नाही असे नाही, परंतु ते मुलांनी स्वतः मोजून काढावे. मुलग्यांनी हा प्रकल्प अवश्य घ्यावा. स्त्री-अभ्यास हा मुलींचाच विषय आहे असे समजून वर्गात मागच्या बाकावर बसणारे मुलगे आम्हाला ठाऊक आहेत.

हे पाश्चात्य फॅड आहे असे कोणी म्हणेल, तर त्यांनी थेरीगाथा उघडून पाहावी. तिथे मुक्तीची गोष्ट करताना थेरींना उखळ-मुसळ आठवते.

इथे ज्येष्ठ सभासदांचा एक आक्षेप आहे आणि त्याचा विचार करावा लागेल. "आपल्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? बाहेरचे लोक म्हणतील, बघा, बौद्ध झाले तरी यांच्यात तेच." ही भीती खोटी नाही. आपल्या समाजाविषयी वाईट ऐकायला टपलेले कान पुष्कळ आहेत, हे आपण सोसले आहे. पण त्या भीतीपायी आपल्या लेखिका गप्प बसल्या असत्या तर काय झाले असते? फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकान सांभाळता सांभाळता 'जिणं आमुचं' लिहिले आणि ते लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून दडवून ठेवले. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. त्यात महारवाड्याबाहेरच्या जुलमाबरोबर महारवाड्यातील सुनांचे हालही आहेत. त्यामुळे चळवळीचे नाव खाली गेले असे आज कोणी म्हणत नाही, उलट ते पुस्तक आपण अभिमानाने भेट देतो. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हिंदू कोड बिल रखडवले गेले हे एक प्रमुख कारण होते. ज्या प्रश्नासाठी त्यांनी सत्ता सोडली, तो आपल्याच घरात विचारायला आपण कचरावे हे आम्हाला पटत नाही.

तेव्हा तिसरा विषय कागदपत्रांचा. घर कोणाच्या नावावर? गावच्या सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागली की त्यांनी हक्कसोड करून दिली? वारसा कायद्याच्या दृष्टीने हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली (त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून) आणि २००५ च्या दुरुस्तीने साऱ्या देशाने दिला. आपल्या ओळखीच्या दहा कुटुंबांत हक्कसोड कोणी, केव्हा व कशाच्या बदल्यात केली एवढेच विचारले तरी प्रकल्प होतो. एक साडी आणि माहेरचे येणे-जाणे, हे उत्तर वारंवार ऐकावे लागेल, त्याची तयारी ठेवावी. इथे नावे मुळीच लिहू नयेत.

आणखी दोन-तीन विषय केवळ नोंदवतो. जुने फोटो घेऊन त्यांतील स्त्रियांचा पोशाख पाहणे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले आणि त्यानंतर अनेकींनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली, तो बदल आपल्या गावात केव्हा पोचला? वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला कोण बसते, ऐकायला कोण बसते आणि समारोपाच्या दिवशी मंचावर कोण बसते? या तिन्ही जागांवरील माणसे मोजणे सोपे आहे. त्या दिवशी भोजनदानाचा स्वयंपाक कोण करते, हे विचारायलाही नको.

ज्याला बाहेर जायला वेळ नाही त्याने ही स्मरणिका आणि मंडळाच्या मागील स्मरणिका घ्याव्यात. लेखांच्या खाली किती स्त्रियांची नावे आहेत? देणगीदारांच्या यादीत स्त्री स्वतःच्या नावाने किती वेळा येते आणि 'सौ.' लावून नवऱ्याच्या नावामागे किती वेळा? कार्यकारिणीत स्त्री आली ती कोणत्या वर्षी, कोणत्या पदावर? वर्गणीची जुनी वहीखाती मंडळाच्या कपाटात आहेत. ती पाहायला द्यावीत, यासाठी आम्ही कार्यकारिणीकडे अर्ज केला आहे. काही सभासदांची नाराजी कानावर आली, तरीही केला आहे.

पूर्ण झालेल्या प्रत्येक प्रकल्पाची एक प्रत वाचनालयात ठेवावी असा आमचा विचार आहे. त्यासाठी खिडकीजवळच्या कपाटातील वरचा कप्पा मोकळा केला आहे. आजीच्या मुलाखती असतील तर आवाज मोबाइलवर घेऊन त्याचीही प्रत द्यावी, म्हणजे कागदावर न उतरलेले बोलणेही शिल्लक राहील. प्रश्नांची यादी तयार करताना कोणाला मदत हवी असल्यास रविवारी वंदनेनंतर आम्ही वाचनालयात असतो. येताना आजीचे नाव, माहेरचे गाव आणि तिचे लग्नाआधीचे नाव विचारून यावे.