उंटिणीच्या दुधातील प्रथिने : गुण, मर्यादा आणि प्रक्रिया

तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचा मुलूख, उंटांचा नव्हे. येथील ग्राहकाला उंटिणीचे दूध हवे असेल, तर ते राजस्थान किंवा कच्छमधून गोठवून अथवा भुकटीच्या रूपातच आणावे लागते. त्यामुळे ज्या प्रथिनांसाठी हे दूध गुणकारी मानले जाते, ती प्रक्रियेनंतर टिकतात का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

गाईच्या व उंटिणीच्या दुधातील प्रथिनांचे एकूण प्रमाण जवळपास सारखे, सुमारे तीन टक्के असते. भेद आहे तो घडणीत. उंटिणीच्या दुधातील केसिनमध्ये बीटा-केसिनचा वाटा सुमारे ६५ टक्के, तर कप्पा-केसिनचा जेमतेम साडेतीन टक्के असतो. परिणामी जठरात त्याची गुठळी मऊ होते. गाईच्या दुधातील अॅलर्जीचे एक प्रमुख कारण असलेले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन यात नसते. तरीही इतर प्रथिनांची अॅलर्जी संभवते. म्हणून अॅलर्जी असलेल्या बालकास ते वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये. यात लॅक्टोजही असते, हे विसरू नये.

लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोहाला बांधून ठेवते आणि जीवाणूंची वाढ रोखते. लायसोझाइम त्यांच्या पेशीभित्तिका भेदते. मधुमेहाबाबत बिकानेर येथील अभ्यासांत पहिल्या प्रकारच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर रोज अर्धा लिटर दूध दिले असता इन्सुलिनची मात्रा कमी करता आल्याचे आढळले. मात्र हे अभ्यास लहान होते आणि त्यामागील कार्यपद्धती निर्विवाद सिद्ध झालेली नाही. दूध हा आहार आहे, इन्सुलिनचा पर्याय नव्हे. या भरवशावर औषध बंद करणे जिवावर बेतू शकते.

कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे रोग पसरतात, म्हणून तापवणे अनिवार्य आहे. सुमारे ६५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवल्यास संरक्षक प्रथिने बऱ्याच अंशी टिकतात. ८५ अंशांवर मात्र लॅक्टोफेरिनची क्रियाशीलता नष्ट होते. भुकटी करताना उष्ण हवेच्या फवारणीपेक्षा गोठवून शुष्क करण्याची पद्धत प्रथिनांस सौम्य असली, तरी ती खर्चिक आहे.

याच तंजावरात पावसात भिजलेले भात वाचवण्याच्या गरजेतून भात प्रक्रिया संशोधन केंद्र उभे राहिले. २०२१च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळालेली येथील अन्न तंत्रज्ञान संस्था ही त्याचीच विस्तारित परंपरा. पिकवलेले टिकवता आले तरच त्याचे मोल होते, हा भाताचा धडा दुधालाही लागू पडतो.

देशातील उंटांची संख्या २०१२ मधील सुमारे चार लाखांवरून २०१९ मध्ये अडीच लाखांवर आली. दुधाला रास्त भाव मिळाल्यास रायका व रबारी पशुपालकांना कळप राखण्याचे कारण मिळेल. परंतु अतिरंजित दाव्यांवर उभी राहिलेली बाजारपेठ टिकत नाही. चरकसंहितेने उंटिणीच्या दुधाची गणना आठ दुधांत केली आहे. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांच्या धन्वंतरी महालात विविध परंपरांतील औषधे अनुभवाने पारखली जात. परंपरेचा आदर आणि पारख यांची तीच सांगड येथेही हवी. ग्राहकाने वेष्टनावरील रोगमुक्तीच्या आश्वासनापेक्षा प्रक्रियेची पद्धत, उत्पादनाची तारीख व अन्नसुरक्षा परवाना क्रमांक पाहावा. उत्पादकाने तो तपशील प्रामाणिकपणे छापावा.