ध्वनिवर्धन, एकल गिटारवादनाचे

पोकळ ध्वनिपेटी असलेली गिटार एकट्याने वाजविणाऱ्या आणि बहुधा तिच्या साथीने गाणाऱ्या कलावंताचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी केलेली इलेक्ट्रॉनीय उपकरणांची जोडणी. ध्वनिग्राहक, पूर्वविवर्धक, मिश्रक, शक्तिविवर्धक व ध्वनिक्षेपक ही तिची प्रमुख अंगे होत. भरीव लाकडाच्या विद्युत् गिटारचा आवाज विवर्धकातच घडतो. पोकळ गिटारचा आवाज मात्र वाद्यातच पूर्ण झालेला असतो आणि तो न बिघडविता केवळ मोठा करावयाचा असतो. तारांचे कंपन हवेला देण्यासाठी बनविलेली तिची पातळ तबली बाहेरून येणारा ध्वनीही तितक्याच सहजपणे ग्रहण करते, हीच या जोडणीतील मुख्य अडचण होय. उपकरणांची निवड, मांडणी व समायोजन या सर्व गोष्टी अखेर या अडचणीशी निगडित आहेत.

इतिहास : पियरे व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत् परिणामाचा शोध लावला. विशिष्ट स्फटिकांवर दाब पडला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार निर्माण होतो, असे त्यांना आढळले. गिटारमध्ये या परिणामाचा उपयोग पुष्कळ उशिरा झाला. त्यापूर्वी तारांखाली चुंबकीय ग्राहक बसविण्याची पद्धत होती. गिब्सन कंपनीची १९५४ मधील ‘जे-१६० ई’ ही या प्रकारची प्रसिद्ध गिटार होय. बीटल्स या इंग्लिश वादकवृंदाच्या ‘आय फील फाइन’ (१९६४) या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी ऐकू येणारा घोंगावणारा स्वर अशाच गिटारमधून निघालेला आहे. अमेरिकेत चार्ल्स कमान या हेलिकॉप्टर अभियंत्याच्या कंपनीने १९६६ च्या सुमारास कृत्रिम द्रव्याची गोलाकार पाठ असलेली ‘ओव्हेशन’ गिटार तयार केली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिच्या घोडीत दाबविद्युत् ग्राहक बसविले. त्यामुळे मंचावर मोकळेपणाने वावरत वादन करणे शक्य झाले.

ध्वनिग्रहणाचे प्रकार : (१) मायक्रोफोन : बारावा पडदा ज्या ठिकाणी आहे, त्याच्या समोर सु. १५ ते ३० सेंमी. अंतरावर मायक्रोफोन ठेवल्यास तारा, तबली व पेटी या सर्वांचा मिळून होणारा नैसर्गिक नाद मिळतो. तो नादछिद्रासमोर नेल्यास मंद्र स्वर अवाजवी फुगतात. ही पद्धत स्वरगुणाच्या दृष्टीने श्रेष्ठ असली, तरी गोंगाटाच्या जागी ती टिकत नाही आणि वादकाला जागचे हलता येत नाही. (२) दाबविद्युत् ग्राहक : घोडीवरील पट्टीखाली बसविलेला हा ग्राहक तारांचा दाब सरळ टिपतो. त्यामुळे बाहेरच्या ध्वनीचा त्याच्यावर कमी परिणाम होतो. मात्र पेटीच्या नादाचा अंश कमी पडून आवाज कोरडा व टोचणारा वाटतो. (३) चुंबकीय ग्राहक : हा नादछिद्रात बसवितात. तो पोलादी तारांवरच चालतो. नायलॉनच्या तारांना त्याचा उपयोग नाही. अनेक वादक दोन प्रकारचे ग्राहक एकत्र करून, एकाकडून स्पष्टता व दुसऱ्याकडून पेटीचा नाद घेतात.

संरोधाचा मेळ : दाबविद्युत् ग्राहक पूर्वविवर्धकाविना सरळ मिश्रकाला जोडल्यास आवाज पातळ येतो. ग्राहकाचे स्वरूप लहान धारित्रासारखे असल्याने पुढील उपकरणाचा आदान संरोध कमी असल्यास मंद्र स्वर नाहीसे होतात. म्हणून हा संरोध सु. १० लाख ओहम किंवा अधिक असावा लागतो. मिश्रकातील मायक्रोफोनच्या आदानाचा संरोध मात्र एक-दोन हजार ओहमच असतो. गिटारमध्ये घटावर चालणारा पूर्वविवर्धक असल्यास हा प्रश्न सुटतो. नसल्यास स्वतंत्र पूर्वविवर्धक किंवा वादक ज्याला ‘डी. आय. बॉक्स’ म्हणतात ते उपकरण मध्ये जोडतात. ते संकेताचे संतुलित, अल्प संरोधी संकेतात रूपांतर करते. त्यामुळे लांब केबलमधूनही खरखर न येता संकेत मिश्रकापर्यंत जातो.

प्रतिसंभरण : ध्वनिक्षेपकातून निघालेला ध्वनी पुन्हा ग्राहकात शिरून वर्धित झाला व हे चक्र चालू राहिले, म्हणजे ‘फीडबॅक’ या नावाने परिचित असलेला कर्कश किंवा घुमणारा स्वर निर्माण होतो. एका फेरीत ध्वनी जितका क्षीण होतो, तितकेच विवर्धन झाले की हे आंदोलन सुरू होते. अनुस्पंदनाच्या कंप्रतेवर ही मर्यादा सर्वांत आधी गाठली जाते. पोलादी तारांच्या मोठ्या गिटारच्या पेटीतील हवेचे अनुस्पंदन सु. १०० हर्ट्‌झला आणि तबलीचे मुख्य अनुस्पंदन सु. २०० हर्ट्‌झला असते. गिटारची दुसरी जाड तार ११० हर्ट्‌झला व चौथी १९६ हर्ट्‌झला जुळविलेली असते. म्हणजे वाद्याला भरदार करणारे स्वर आणि घुमू लागणारे स्वर एकमेकांच्या अगदी जवळचे असतात. त्यामुळे मंद्र भाग सरसकट कमी केल्यास गिटार निर्जीव वाटते. घुमणारी कंप्रता नेमकी शोधून तिच्याभोवतीचा अरुंद पट्टाच कमी करणे इष्ट ठरते. नादछिद्रात रबरी चकती बसविल्याने पेटीतील हवेचे अनुस्पंदन क्षीण होते. पूर्वविवर्धकावरील कला उलटविण्याच्या कळीनेही कधीकधी घुमणे थांबते.

ध्वनिक्षेपकांची मांडणी : मुख्य ध्वनिक्षेपक कलावंताच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून व बसलेल्यांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास ध्वनीची पातळी ६ डेसिबेलने घटते. म्हणून उंचीमुळे पुढील व मागील श्रोत्यांमधील तफावत कमी होते. हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा मायक्रोफोन पाठीमागच्या बाजूने सर्वांत कमी ग्रहण करतो. त्यामुळे कलावंताला स्वतःचा आवाज ऐकविणारा छोटा ध्वनिक्षेपक बरोबर मायक्रोफोनच्या पाठीमागे ठेवतात. बोस कंपनीने २००३ मध्ये आणलेल्या व पुढे इतरांनीही स्वीकारलेल्या उभ्या स्तंभाच्या रचनेत एकच ध्वनिक्षेपक कलावंत व श्रोते या दोघांनाही पुरतो. तो कलावंताच्या मागे ठेवला जात असल्याने विवर्धनाची मर्यादा मात्र अधिक जपावी लागते. शक्ती वाढविणे हा उपाय क्वचितच उपयोगी पडतो. शक्ती दुप्पट केल्यास केवळ ३ डेसिबेल मिळतात. उलट गाणाऱ्याने मायक्रोफोनपासूनचे अंतर निम्मे केल्यास सु. ६ डेसिबेलचा लाभ होतो.

जोडणीचा क्रम : प्रथम ध्वनिक्षेपकांच्या जागा ठरवितात. नंतर सर्व नियंत्रक शून्यावर ठेवून केबली जोडतात व शक्तिविवर्धक सर्वांत शेवटी सुरू करतात. बंद करताना तो सर्वांत आधी बंद करतात. कार्यक्रमात जितक्या जोराने वाजवावयाचे तितक्याच जोराने वाजवून आदानाची पातळी ठरवितात. मग आवाज घुमू लागेपर्यंत हळूहळू वाढवितात, घुमणारी कंप्रता कमी करतात आणि पातळी त्या मर्यादेच्या बरीच खाली आणतात. गिटार व कंठ यांचे प्रमाण श्रोत्यांच्या जागी जाऊन ऐकावे लागते. रिकाम्या दालनात मोठा वाटणारा आवाज श्रोते जमल्यावर दबतो, कारण माणसांचे कपडे ध्वनी शोषून घेतात. गोव्याच्या किनाऱ्यावरील उपाहारगृहांसारख्या उघड्या जागी भिंतींकडून परावर्तन नसल्याने मंद्र स्वर विरळ होतात आणि वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर स्पंजाचे आवरण घालावे लागते.

विद्युत् सुरक्षितता : वादकाचे हात तारांवर व ओठ मायक्रोफोनजवळ असतात. ही दोन्ही निरनिराळ्या उपकरणांना जोडलेली असून त्यांपैकी एकाचा भूसंपर्क सदोष असेल, तर वादकाच्या देहातून विद्युत् प्रवाह वाहू शकतो. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्व्ही १९७२ मध्ये वेल्समधील स्वॉन्सी येथे मंचावर मायक्रोफोनला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. म्हणून सर्व उपकरणांना भूसंपर्क असलेल्या एकाच फलकावरून वीज घ्यावी व फलकाला गळती-प्रवाह खंडक बसवावा. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने सदोष जोडणीत ५० व १०० हर्ट्‌झची गुणगुण ऐकू येते. ती घालविण्यासाठी प्लगमधील भूसंपर्काची पिन काढण्याची प्रथा प्राणघातक आहे. डी. आय. बॉक्सवरील कळ केवळ संकेताच्या केबलचा भूसंपर्क तोडते, वीजपुरवठ्याचा नाही. तेव्हा गुणगुणीवर तोच सुरक्षित उपाय होय.

भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अनुसार ध्वनिक्षेपक वापरण्यास लेखी परवानगी लागते आणि सभागृहासारख्या बंदिस्त जागा वगळता रात्री १० ते सकाळी ६ या वेळात त्यांच्या वापरास मनाई आहे. एकल गिटारवादनाला मोठ्या आवाजाची फारशी गरजही नसते. शेवटच्या रांगेतील श्रोत्याला तारेवरील बोटाचा आघात स्पष्ट ऐकू आला आणि ध्वनिक्षेपकाची जाणीव झाली नाही, म्हणजे जोडणी साधली असे समजतात.