व्यवसाय कर

नोकरी, व्यापार, धंदा अथवा आजीविकेचे अन्य साधन यांपासून उत्पन्न मिळविणाऱ्या व्यक्तींवर राज्य शासनाने अगर स्थानिक संस्थेने बसविलेला प्रत्यक्ष कर. नोकरदारांच्या बाबतीत तो मालकाने वेतनातून कापून शासनाकडे भरावयाचा असतो. त्यामुळे मोठ्या कारखान्यापासून एकच नोकर ठेवणाऱ्या दुकानदारापर्यंत सर्व मालकांशी या कराचा संबंध येतो. कराची रक्कम लहान असली, तरी महाराष्ट्रात त्याचा उगम एका मोठ्या सामाजिक वचनातून झाला आहे.

सांविधानिक आधार : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत या कराचा निर्देश असून अनुच्छेद २७६ मध्ये त्याची मर्यादा सांगितली आहे. उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार मुख्यत्वे केंद्राचा असला, तरी केवळ उत्पन्नाशी संबंध येतो, या कारणावरून व्यवसाय कर अवैध ठरत नाही, असे या अनुच्छेदात स्पष्ट केले आहे. मात्र एका व्यक्तीकडून वर्षाला घ्यावयाच्या कराला मूळ संविधानात २५० रुपयांची मर्यादा होती. साठाव्या घटनादुरुस्तीने (१९८८) ती २,५०० रुपये करण्यात आली. सर्वच राज्ये हा कर घेत नाहीत. महाराष्ट्र, कर्नाटक, पश्चिम बंगाल इ. राज्यांत तो आहे, तर दिल्ली, हरयाणा, उत्तर प्रदेश येथे तो नाही. तमिळनाडू व केरळ या राज्यांत तो स्थानिक संस्था वसूल करतात.

महाराष्ट्रातील उगम : विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये ग्रामीण मजुरांना काम पुरविण्याचा एक प्रयोग करण्यात आला. रोजगार हमी योजनेची ती पूर्वपीठिका होय. योजना १९७२ मध्ये जाहीर झाली, त्याच सुमारास राज्यावर भीषण दुष्काळ ओढवला व लक्षावधी लोकांना दुष्काळी कामांवर जावे लागले. मागेल त्याला काम द्यावयाचे, तर त्यासाठी कायमचा पैसा हवा, हे या अनुभवाने स्पष्ट झाले. त्या गरजेतून ‘महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५’ हा कायदा झाला व १ एप्रिल १९७५ पासून अंमलात आला.

पुढे रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याने ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीला अकुशल शारीरिक काम मागण्याचा कायदेशीर हक्क दिला. त्यासाठी रोजगार हमी निधी स्थापन झाला. व्यवसाय कर व अन्य काही विशेष करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्य शासनाने आपल्या तिजोरीतून या निधीत घालावी, अशी व्यवस्था करण्यात आली. शहरातील नियमित वेतन घेणाऱ्याने खेड्यातील बेकाराच्या मजुरीचा काही भार उचलावा, हे या रचनेचे तत्त्व होते. संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

नोंदणीचे दोन प्रकार : या कायद्याखाली दोन निरनिराळी प्रमाणपत्रे घ्यावी लागतात आणि लहान मालकांची गल्लत बहुधा येथेच होते. स्वतःच्या व्यवसायाबद्दल कर भरणाऱ्याने नावनोंदणी प्रमाणपत्र (पी.टी.ई.सी.) घ्यावयाचे असते. त्याचा कर सर्वसाधारणपणे वर्षाला २,५०० रुपये असून तो ३० जूनपूर्वी भरावा लागतो. भागीदारी संस्थेतील प्रत्येक भागीदाराला ही नावनोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. दुसरे, नोंदणी प्रमाणपत्र (पी.टी.आर.सी.), हे करपात्र वेतन घेणारा नोकर ज्याच्याकडे आहे, अशा मालकासाठी असते. पहिल्या प्रमाणपत्रावर मालक स्वतःचा कर भरतो, तर दुसऱ्यावर नोकरांचा. एक घेतल्याने दुसऱ्याची जबाबदारी टळत नाही. दायित्व सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करणे आवश्यक असते. पूर्वी विक्रीकर खात्याकडे असलेला हा कारभार आता महाराष्ट्र वस्तू व सेवा कर विभाग पाहतो व नोंदणी, भरणा आणि विवरणपत्रे संगणकीय पद्धतीने होतात.

कराचे दर : १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार पुरुष नोकरदाराला दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या वेतनावर कर नाही. ७,५०० च्या वर १०,००० रुपयांपर्यंत दरमहा १७५ रुपये कर असतो. त्याहून अधिक वेतनावर दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कर पडतो. स्त्रियांना मात्र दरमहा २५,००० रुपयांपर्यंत कर माफ असून त्यापुढे वर्षाला २,५०० रुपये द्यावे लागतात. वेतन याचा अर्थ हाती पडणारी रक्कम असा नसून मूळ वेतन, महागाई भत्ता व नियमितपणे मिळणाऱ्या इतर रकमा यांची कपातीपूर्वीची बेरीज होय. ६५ वर्षांवरील व्यक्ती, विहित प्रमाणात अपंगत्व असलेल्या व्यक्ती, मतिमंद मुलांचे पालक, सैन्यदलांतील व्यक्ती इत्यादींना करातून सूट आहे. नैमित्तिक स्वरूपात रोजंदारी मिळविणारा मजूर कायद्याच्या कक्षेत येत नाही.

लहान मालकाची जबाबदारी : पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात या कराची सर्व अंगे एकत्र आढळतात. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत आंबेमोहोर भात पिकविणारी अतिपर्जन्याची गावे, मधल्या भागात पौड रस्त्यालगत पिरंगुट परिसरातील लहानमोठे कारखाने आणि पूर्वेला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान, अशी या तालुक्याची रचना आहे. भातलावणीला चार दिवस येणारा मजूर कराबाहेर राहतो. हिंजवडीतील अभियंत्याचा कर त्याच्या कंपनीचे वेतन खाते विनासायास कापते. खरी अडचण पडते ती कारखान्याला सुटे भाग पुरविणाऱ्या किंवा ताम्हिणीच्या वाटेवर खानावळ चालविणाऱ्या लहान मालकाला, कारण तेथे मालक, व्यवस्थापक व हिशेबनीस या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात.

उदाहरणार्थ, एखाद्या कार्यशाळेत दरमहा १५,०००, १८,००० व २२,००० रुपये घेणारे तीन पुरुष, १८,००० व २७,००० रुपये घेणाऱ्या दोन स्त्रिया आणि ९,००० रुपयांवर अर्धवेळ काम करणारा एक पुरुष आहे, असे समजू. तिन्ही पुरुषांचे प्रत्येकी २००, दुसऱ्या स्त्रीचे २०० व अर्धवेळ कामगाराचे १७५ मिळून दरमहा ९७५ रुपये कापावे लागतील. पहिल्या स्त्रीला कर पडणार नाही. फेब्रुवारीत ही रक्कम १,३७५ रुपये होऊन वर्षाची बेरीज १२,१०० रुपये भरेल. मालकाचे स्वतःचे २,५०० रुपये निराळे. मागील वर्षीचे दायित्व एक लाख रुपयांहून कमी असलेल्या मालकाला वर्षातून एकदा, ३१ मार्चपर्यंत, विवरणपत्र द्यावे लागते. त्याहून अधिक असल्यास ते दरमहा द्यावे लागते.

कायद्यानुसार वेतन देताना कपात केली असो वा नसो, कर भरण्याचे दायित्व मालकाचेच राहते. वर्षभर कपात विसरलेल्या मालकाला तो पैसा बहुधा स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, शिवाय व्याज व विलंब शुल्क निराळे. सोडून गेलेल्या कामगाराकडून मागील कपात वसूल होण्याची आशा नसते. याउलट कापून घेतलेली रक्कम न भरणे ही अधिक गंभीर गोष्ट आहे, कारण तो पैसा मालकाचा नसून कामगाराने शासनाला दिलेला असतो. कंत्राटदार स्वतः वेतन वाटत असेल, तर मालकाची जबाबदारी त्याच्यावर येते. एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करणाऱ्याने आपण स्वतः नावनोंदणी करून कर भरू, असे प्रमाणपत्र दिल्यास मालकाला कपात करावी लागत नाही.

चारपाच माणसे असलेल्या धंद्याला कोणतेही बंधन नाही, ही समजूत सार्वत्रिक आहे. तिचे मूळ अन्य तरतुदींत आहे. भविष्य निर्वाह निधी सामान्यतः वीस व कर्मचारी राज्य विमा दहा कामगारांपासून लागू होतो. व्यवसाय कराला मात्र संख्येची अशी अट नाही. करपात्र वेतन घेणारा एक नोकरही पुरेसा असतो.

मूल्यमापन : या कराचा मुख्य दोष विषमतेचा आहे. दरमहा १०,००१ रुपये मिळविणारा पुरुष व एक लाख रुपये मिळविणारा अधिकारी दोघेही वर्षाला २,५०० रुपयेच देतात. पहिल्याच्या उत्पन्नाचा सु. दोन टक्के भाग जातो, तर दुसऱ्याचा सु. ०·२ टक्का. टप्प्यांच्या सीमेवर आणखी एक विसंगती दिसते : २४,९०० रुपये घेणाऱ्या स्त्रीला १५० रुपयांची वाढ दिली, तर २०० रुपये कर लागून तिच्या हाती पूर्वीपेक्षा ५० रुपये कमी पडतात. पगारवाढ ठरविताना लहान मालकाने याचा विचार करणे इष्ट असते. राज्याला या दोषाची दुरुस्ती एका मर्यादेपर्यंतच करता येते. खालचे टप्पे माफ करता येतात, परंतु वरच्या उत्पन्नावर अधिक कर घ्यावा, तर घटनेची २,५०० रुपयांची मर्यादा आड येते. ही मर्यादा १९८८ पासून तशीच असल्याने भाववाढीबरोबर कराचे खरे मोल घटत गेले आहे.

असे असले, तरी कराचे महत्त्व केवळ रकमेवरून ठरविता येत नाही. वेतनपत्रकावरील दोनशे रुपयांच्या नोंदीमागे, काम मागणाऱ्याला काम देण्याचे राज्याने स्वीकारलेले दायित्व होते. ते निभावण्यासाठी लागणारा पैसा मालकांच्या हातून गोळा झाला. लहान मालक हा विनावेतन वसुली करणारा या व्यवस्थेचा शेवटचा दुवा होय. त्याला कायदा सुबोध भाषेत कळणे व त्याने हिशेब वेळच्या वेळी ठेवणे, या दोन्हींवर कराचे यश अवलंबून राहते.