पाच लिंकांचा कागद

सकाळी 6:15. पुणे-नगर रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या एमआयडीसीकडे वळताहेत. पहिली पाळी. रांजणगावातल्या एका भाड्याच्या खोलीत भूगोलाच्या मॅडम चहाचा कप बाजूला ठेवून मोबाईलवर लिंका तपासताहेत. रात्री उघडलेलं एक पान आता उघडत नाही, ते यादीतून गेलं. जनगणनेची पीडीएफ फारच जड आहे. शाळेत ती उतरेपर्यंत तास संपेल. मग त्यातलं शिरूर तालुक्याचं पान तेवढं वेगळं काढलं. नववीचा प्रकल्प आहे ‘आपलं गाव’.

7:40. झेरॉक्सचं दुकान. पानाला दोन रुपये, वीस प्रती, चाळीस रुपये. मॅडम शिक्षणसेवक आहेत, मानधन महिना 18,000. चाळीस रुपयांसाठी शाळेत कोण अर्ज करत बसणार? पर्समधूनच दिले. कागदावर पाच लिंका, प्रत्येकीखाली क्यूआर कोड: मराठी विश्वकोश, 1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, 2011 ची जनगणना, एमआयडीसी आणि गावातल्या महागणपतीचं देवस्थान. तळाशी दोन रिकामे रकाने: ‘कुणी लिहिलं?’ आणि ‘कधी लिहिलं?’

11:10. संगणक कक्ष. बारा यंत्रं, चालू सात. वायफाय गेलेलं, म्हणून मॅडमच्या फोनचा हॉटस्पॉट. एकेका पडद्यापुढे तिघं-चौघं. एक माऊस धरतो, बाकीचे त्याला हुकूम सोडतात.

कागद बाजूला सारून एका गटाने थेट गुगलवर ‘रांजणगाव लोकसंख्या’ टाकलंय. आकडा आला, वहीत उतरलाही.

“मॅडम, झालं!”

“जिल्हा कुठला लिहिलाय रे?”

पोरं वाकून बघतात. औरंगाबाद. ते रांजणगाव शेणपुंजी, वाळूजजवळचं. तिथेही एमआयडीसी, तिथेही कामगारांची वस्ती, त्यामुळे पानभर वाचूनही शंका आली नाही. आकडा खोडला. आता कागदावरची तिसरी लिंक.

खिडकीजवळच्या मुलींनी महागणपती घेतलाय. तळघरात दहा सोंडा आणि वीस हातांची मूळ मूर्ती आहे, असं चार ठिकाणी सापडलं. चार ठिकाणी म्हणजे खरंच असणार, असा त्यांचा हिशेब. मॅडम चारही पानं शेजारी-शेजारी उघडतात. वाक्य तेच, चुकलेली वेलांटीसुद्धा तीच. एकाचं चौघांनी उचललेलं. अशी मूर्ती असल्याचं देवस्थान नाकारतं, हेही एका ठिकाणी मिळतं. ‘कुणी लिहिलं?’च्या रकान्यात आता काय भरायचं, यावर मुलींची जुंपते. मॅडम उत्तर देत नाहीत. शेवटी एकजण लिहिते, ‘लोक सांगतात’. मला विचाराल तर त्या तासातलं हे सगळ्यात चोख काम.

11:40. गॅझेटियरवाला गट अडलाय. ‘Shirur’ टाकून काहीच येत नाही.

“इंग्रजांसारखं लिही बाळा. एस, आय, आर, यू, आर.”

लगेच पंधरा-वीस ठिकाणं पिवळी होतात. मजकूर इंग्रजी, शाळा मराठी माध्यमाची. एका पानाचा सारांश मॅडमनी हाताने लिहून आणलाय. बाकीचं शब्दकोश घेऊन.

दुपारी 1:30. डबा. भाकरी, वांग्याचं भरीत. हॉटस्पॉटने दिवसाचा दीड जीबी संपवलाय. एकोणीस रुपयांचं जादा पॅक.

2:15. वह्या तपासणं. पूर्ण भरलेल्या वहीपेक्षा रिकाम्या रकान्यावर मॅडम जास्त रेंगाळतात. एकाने ‘कुणी लिहिलं?’ खाली ‘गुगल’ लिहिलंय. लाल गोल. शेजारी: ‘गुगलने फक्त पत्ता दिला. घर कुणाचं?’

4:00. पहिली पाळी सुटून बसगाड्या परतताहेत. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांबरोबर कंपनीत जातो. म्हणून मॅडमचा गृहपाठ पाळीवर ठरतो. पहिल्या पाळीवाल्यांना आज, दुसरीवाल्यांना रविवारी.

रात्री 8:20. व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचे फोटो येऊ लागतात. काही तिरके, काही अंधारात काढलेले. एका मुलीचा निरोप: “मॅडम, गावाच्या एका पानावर तारीखच नाही. सरपंचांचं नाव जुनं आहे, असं पप्पा म्हणतात. घेऊ का?”

“नको घेऊस.”

गावाची माहिती नेटवर टाकणाऱ्यांना एवढीच विनंती: खाली तालुका, जिल्हा आणि साल लिहीत जा.