डावे लायनर झिजले, दोष उजव्या चाकात!

मुरूम, खडी आणि माती वाहणारे टिप्पर आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, त्याच्या भरावाची मातीही अशाच गाड्यांनी ओढली. या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांत आपल्या समाजाचे मिस्त्री पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय.

माझ्या कापड दुकानाचे एक जुने गिऱ्हाईक टिप्परमालक आहेत. त्यांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचे लायनर वर्षात तीनदा बदलले. दर वेळी निकाल एकच : "माल हलका निघाला." शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी उजवे चाक उघडायला लावले. सील फुटून तेल लायनरवर उतरले होते. उजवे चाक पकडतच नव्हते. सारा भार डावे एकटे सोसत होते. जे झिजले ते निर्दोष, आणि जे कोरे दिसत होते तेच गुन्हेगार!

थानावरचा दोष पाहून जाणता विणकर मागात काय बिघडले ते सांगतो. तसेच जुने लायनर वाचता आले पाहिजे.

आपल्याकडील बहुतेक टिप्परना हवेचे ड्रम ब्रेक असतात. एकाच धुरीवर डाव्या-उजव्यात फरक पडला, तर दोन्हीकडचे स्लॅक ॲडजस्टर, हवेच्या चेंबरचा डायाफ्राम, होजपाइप आणि सील तपासावे. एकाच चाकातील एक शू जास्त झिजला, तर रोलर, पिन किंवा स्प्रिंग अडकली असण्याचा संभव असतो. लायनर एका कडेने उतरते झिजले, तर कॅमशाफ्टचे बुश, चाकाचे बेअरिंग आणि ड्रम पाहावा. डिस्क ब्रेकमध्ये आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजला, तर बहुधा कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम असतात.

गाडी फिरवून आणल्यावर ड्रमजवळ हात न लावता धग पाहावी. एक ड्रम फार तापला तर ते चाक चिकटते आहे किंवा दुसऱ्याचे काम करते आहे. थंड राहिला तर ते चाक कामच करीत नाही.

लायनर नेहमी धुरीच्या दोन्ही चाकांना एकदम आणि एकाच जातीचे टाकावे. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते, म्हणून धूळ हवेने उडवू नये, ओल्या कपड्याने पुसावी. काढलेल्या लायनरवर चाकाची खूण करून ते मालकाला दाखवावे.

एक लायनर बदलून पैसे घेणे सोपे आहे. पण भरलेला टिप्पर खुलताबादहून दौलताबादकडे घाट उतरतो, तेव्हा ड्रायव्हरचा आणि समोरून येणाऱ्याचा जीव त्या मिस्त्रीच्या हातात असतो. ती अमानत आहे. कारण शोधून मगच लायनर ठोकावे. गिऱ्हाईकही टिकते आणि कमाईत बरकतही राहते.