कोर्टानं कायदा पाडला, मग पुढे?

डान्सबारचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: सभागृहानं एकमतानं केलेला कायदा दोन न्यायमूर्ती कसे रद्द करतात? आणि कोणीतरी ठणकावून सांगतो, सरकारनं मनात आणलं तर उद्या निकाल फिरवेल.

गैरसमज तिथेच आहे. निकाल फिरवता येत नाही. तो ज्या दोषामुळे लागला, तो दोष मात्र काढता येतो. १९६९च्या पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यापासून सूत्र हेच: ‘हा निकाल बंधनकारक नाही’ एवढंच कायद्यात लिहून भागत नाही, निकालाचा पायाच बदलावा लागतो.

डान्सबारचंच बघा. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमं आली. एकानं बारमधल्या नाचावर बंदी, दुसऱ्यानं तारांकित हॉटेलं आणि जिमखान्यांना सूट. म्हणजे नाच तोच, गिऱ्हाइकाचा खिसा वेगळा. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. कारणं दोन होती: हॉटेला-हॉटेलात केलेला भेद आणि व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर घातलेला घाला.

जून २०१४ मध्ये विधिमंडळानं सूटच काढून टाकली. आता बंदी सगळ्यांना! भेद गेला हे खरं, पण नाचून पोट भरणाऱ्या बायकांच्या रोजगाराचा प्रश्न जागच्या जागी राहिला. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती आली. दोन भोकांच्या बादलीचं एकच भोक बुजवलं होतं.

२०१६ मध्ये वाट बदलली. बंदीऐवजी परवाना आणि अटी असा वेगळा कायदा झाला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयानं तो चाळून घेतला. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकराची वेळ राहिली, पैसे उधळण्यावरची मनाई राहिली. सीसीटीव्हीची सक्ती गेली. धार्मिक स्थळ आणि शाळेपासून एक किलोमीटर अंतराची अटही गेली. मुंबईत तशी जागा शोधून दाखवावी कुणी.

‘कोर्टानं सांगितलं म्हणजे संसदेला तसाच कायदा करावा लागतो’ हेही खरं नाही. निवडणूक आयुक्तांच्या निवडीसाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची समिती मार्च २०२३ मध्ये न्यायालयानंच ठरवली, पण संसद कायदा करेपर्यंतच. डिसेंबरात संसदेनं कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला. मला तो बदल रुचला नाही. पण न रुचणं वेगळं, घटनाबाह्य असणं वेगळं. त्या कायद्यालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलंच.

आणखी एक समज: रद्द झालेलं कलम सभागृहानं पुस्तकातून काढेपर्यंत जिवंत असतं. तसं नाही, निकालाबरोबरच ते मरतं. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ आठवा. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यातून हे प्रकरण दिल्लीला गेलं आणि मार्च २०१५ मध्ये कलम रद्द झालं. पण छापील कायद्यात मजकूर तसाच राहिला, खाली बारीक अक्षरात तळटीप. पोलीस ठाण्यात तळटीप कोण वाचतो? गुन्हे नोंदवले जातच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.