विंचवाचें बिऱ्हाड आणि स्पेनचे कडे

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी मराठींत म्हण आहे. स्पेन देशांत हिवाळ्यांत अशीं बिऱ्हाडें चार चाकांवर हिंडतांना दिसतात. व्हॅनच्या पोटांत फळ्यांचा पलंग, गॅसची शेगडी, पाण्याचे डबे आणि दोराचीं वेटोळीं एवढाच संसार! युरोपांतील थंड देशांतून आलेले तरुण-तरुणी खडे कडे चढण्याच्या ध्यासानें महिनेच्या महिने असे राहतात.

त्यासाठीं स्पेनच कां? याचें उत्तर तेथील हवेंत आणि दगडांत आहे. उत्तरेकडे बर्फ पडत असतां भूमध्य समुद्राजवळचे दक्षिणाभिमुख कडे कोवळ्या उन्हांत कोरडे असतात. चुनखडीचा दगड पाण्यानें झिजतो व त्याला बोटें शिरतील अशा खोबणी पडतात. त्याच चढणाऱ्याच्या पायऱ्या. उन्हाळ्यांत घामानें बोटें निसटतात, म्हणून थंड हवाच बरी. दोनतीन दिवस चढल्यावर बोटांची कातडी सोलवटते आणि विसावा घ्यावा लागतो. पाऊस लागला तर दुसरा प्रांत गांठावा लागतो. घरच गाडींत असल्यावर थांबणें आणि हलणें दोन्ही सोपें.

मुक्कामाचीं ठिकाणेंही ठरलेलीं आहेत. मालागा प्रांतांत एल चोर्रो, व्हॅलेन्सियाजवळ चुलिया, कॅटलोनियांत सिउराना, मार्गालेफ व ओलियाना. ओलियाना येथील ‘ला दुरा दुरा’ ही अतिशय बिकट वाट २०१३ सालीं प्रथम आदाम ओंद्रा यानें व नंतर ख्रिस शर्मा यानें सर केली. उन्हाळा लागला कीं कित्येक जण उत्तरेच्या पिकोस दे युरोपा या डोंगरांत जातात. तेथील २,५१९ मीटर उंचीचा नारान्खो दे बुल्नेस हा सुळका पेद्रो पिदाल व ग्रेगोरिओ पेरेझ यांनीं १९०४ सालीं प्रथम सर केला होता.

या स्वैर दिसणाऱ्या जीवनाला शिस्त मात्र कडक लागते. चढून गेलेल्यास दोरानें खालीं सोडावयाचें तर वाटेच्या दुप्पट दोर हवा. ४० मीटरच्या वाटेला निदान ८० मीटर. चुलियाच्या लांबलचक वाटांवर दोर अपुरा पडला आणि त्याच्या टोंकाला गांठ नसली, तर तें टोंक खालच्या सोबत्याच्या हातांतून निसटतें आणि माणूस कोसळतो. एक साधी गांठ प्राण वांचविते.

दुसरी शिस्त लोकव्यवहाराची. रीतसर उभ्या केलेल्या गाडींत झोपणें वाहतुकीच्या नियमांविरुद्ध नाहीं. पण खुर्च्या, मेज वा छत बाहेर मांडलें कीं तो तळ ठरतो, आणि त्यास पुष्कळ ठिकाणीं मनाई आहे. संरक्षित वनांत तर रात्रीं थांबण्यासही बहुधा बंदी असते. गरुड-गिधाडांच्या विणीच्या काळांत कांहीं कडे बंद ठेवितात. कड्याखालचीं गांवें लहान, वाटा अरुंद. तेथें केरकचरा व घाण टाकली, शेतकऱ्याची वाट अडविली, कीं पाहुण्यांविषयींचा लोभ आटतो. मग गाड्यांना बंदी होते आणि ती पुढें येणाऱ्या निरपराध्यांनाही भोगावी लागते.

कडा कोणाच्या मालकीचा नसला तरी त्याखालची वाट कोणाची तरी असते. म्हणूनच हें बिऱ्हाड हललें कीं मागें चाकांच्या खुणांपलीकडे कांहीं उरूं नये.